एकतिसाव्या वर्षी नाटक सोडून नर्सिंगला यावं का?

प्रश्न थोडक्यात असा: वय ३१. बारावी आर्ट्समधून, पुढे नाट्यशास्त्राची पदवी. मग जवळजवळ दहा वर्षं प्रायोगिक नाटकं, त्यात अभिनयही आणि बॅकस्टेजही, मालिकांमध्ये छोट्या भूमिका, शाळांमध्ये नाट्यवर्ग. वडिलांच्या आजारपणात महिनाभर आयसीयूबाहेर बसून काढला, तिथल्या सिस्टर पाहिल्या आणि तेव्हापासून नर्सिंग डोक्यातून जात नाही. वय निघून गेलंय का? आर्ट्सवाल्यांना घेतात का? इतक्या वर्षांची कला वाया जाईल का? आणि घरचे म्हणतात, "आता या वयात सिस्टर होणार?" त्यांना काय सांगायचं?

मी आधी वॉर्डात आणि मग नर्सिंग स्कूलमध्ये ट्यूटर म्हणून आयुष्य काढलंय. चित्रकला, नृत्य, फोटोग्राफी असं काहीबाही करून आमच्याकडे आलेल्या मुली, आणि मोजके मुलगेही, माझ्या हाताखालून गेलेत. काही फार चांगल्या सिस्टर झाल्या, काहींनी पहिल्या सहा महिन्यांत सामान बांधलं. त्यांच्यात मला काय फरक दिसला ते सांगतेच, पण आधी प्रवेशाचं बोलू. तुमच्या बाबतीत खरी घाई तिथे आहे.

तुमच्यासाठी सरळ वाट जीएनएमची, म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरीची. तीन वर्षांचा डिप्लोमा. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमाप्रमाणे त्याला बारावी कुठल्याही शाखेची चालते. एकूण ४० टक्के आणि इंग्रजीत ४० टक्के हवेत. सायन्सला पसंती असते, पण आर्ट्सला दार बंद नाही. वयाची अट १७ ते ३५. म्हणजे तुमच्या हातात वेळ आहे, पण "एवढं एक नाटक उभं राहू दे, मग बघू" असं दोन-तीनदा झालं की तो संपतो.

बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं. त्याला बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी आणि इंग्रजी लागतं, खुल्या वर्गाला ४५ टक्के, शिवाय राज्य सीईटी कक्षाची प्रवेश परीक्षा. मुक्त विद्यालयातून बारावी सायन्स नव्यानं करून या वाटेला जाणारे लोक आहेत. तुमच्या जागी मी गेले नसते. बारावी, सीईटी आणि वर चार वर्षं धरली तर पदवी हातात पडेपर्यंत छत्तीस-सदतीस होतात. त्यापेक्षा जीएनएम करा, महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी करा, नोकरी धरा आणि मग दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करा. पुढचं एमएस्सी, ट्यूटरशिप हे सगळं त्याच रस्त्यावर लागतं.

यूट्यूबवर अमेरिकेतल्या मुली सांगतात की दुसऱ्या विषयातली पदवी होती, दीड वर्षात नर्स झाले. तिकडे तसे अभ्यासक्रम आहेत. इंग्लंडमध्येही पदवीधरांसाठी दोन वर्षांचं एमएस्सी आहे. आपल्याकडे असा आडरस्ता नाही. तुमच्या नाट्यशास्त्राच्या पदवीला प्रवेशाच्या टेबलावर काडीची किंमत नाही, तिथे बारावीचं गुणपत्रक बघतात. हे ऐकून मन खट्टू होत असेल तर आत्ताच होऊन जाऊ दे.

आणि आडरस्ता आहे असं जो सांगेल त्याच्यापासून लांब राहा. "सहा महिन्यांत नर्स बना" असे बोर्ड प्रत्येक एसटी स्टँडसमोर दिसतात. जनरल ड्युटी असिस्टंट, पेशंट केअर वगैरे अभ्यासक्रमांतून मिळणारं काम प्रामाणिकच आहे, पण त्यावर नर्स म्हणून नोंदणी होत नाही. कॉलेजचं नाव भारतीय परिषदेच्या आणि राज्याच्या अशा दोन्ही याद्यांमध्ये आहे का ते स्वतः बघा, एजंटच्या मोबाइलवरचा फोटो नव्हे. मग एकदा सकाळी दहाला कॉलेजच्या हॉस्पिटलात जा आणि खाटा भरलेल्या आहेत का ते पाहा. भिंतीवर कितीही मान्यतापत्रं असली तरी जिथे पेशंट नाहीत तिथे नर्सिंग शिकता येत नाही. मूळ प्रमाणपत्रं तपासायला दाखवा, पण कोर्स संपेपर्यंत किंवा नोकरीच्या बाँडपोटी कुणाच्या कपाटात ठेवू नका. ती परत मिळवताना रडकुंडीला आलेल्या मुली मी पाहिल्यात.

आर्ट्सवाल्यांना अभ्यासाची धास्ती असते, विशेषतः गणिताची. वॉर्डातलं गणित किती असतं ते सांगते. ५०० मिली सलाइन ६ तासांत द्यायचंय, सेटमधून, म्हणजे सलाइनच्या नळीतून, एका मिलीचे २० थेंब पडतात. ५०० गुणिले २० म्हणजे १०,००० थेंब. ६ तासांची ३६० मिनिटं. भागाकार केला की मिनिटाला साधारण २८ थेंब. घड्याळ समोर धरून ड्रिप चेंबरमधले थेंब मोजायचे आणि रोलर फिरवत तिथे आणायचं. लहान मुलांच्या मायक्रो सेटला २० च्या जागी ६०. यापेक्षा अवघड गणित रोजच्या कामात क्वचित येतं. मात्र ते रात्री तीन वाजताही बरोबर यावं लागतं.

पहिल्या वर्षाची अॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, मायक्रोबायॉलॉजी पहिले तीन-चार महिने डोक्यावरून जाईल. पुस्तकं इंग्रजीत आणि शब्द लॅटिन. सायन्सच्या मुलींच्याही डोक्यावरून ती जातेच, फक्त त्या ते कबूल करत नाहीत. तुम्ही संहिता पाठ केल्या आहेत, तेव्हा पाठांतराला घाबरायचं कारण नाही.

आता कलेचं. "तू इतकी संवेदनशील आहेस, छान नर्स होशील" असं तुम्हाला चार जणांनी सांगितलं असेल. मला ते पटत नाही. संवेदनशीलता सतरा वर्षांच्या पोरीकडेही असते. ती पहिल्या पोस्टिंगला पंधरा दिवस रडून घेते आणि मग कामाला लागते. तुमच्यासारख्यांकडे जास्तीचं काही असेल तर ते म्हणजे बारकाईनं बघायची आणि तेच काम न कंटाळता पुन्हा करायची सवय.

माझी एक विद्यार्थिनी उपयोजित कला शिकून, जाहिरातीत काही वर्षं काढून आली होती. सर्जिकल वॉर्डात पोटाच्या ऑपरेशननंतरचे एक आजोबा होते. ट्यूबलाइटखाली सगळा वॉर्डच पिवळट दिसतो. ही मला म्हणाली, "मॅडम, यांचा कालचा पिवळा आणि आजचा पिवळा वेगळाय." मी म्हटलं, खिडकीपाशी घे, खाली बघायला सांग आणि वरची पापणी उचलून डोळ्याचं पांढरं बघ. उजेडात काविळीची छटा स्पष्ट होती. डॉक्टरांना कळवलं, बिलिरुबिनसाठी, म्हणजे काविळीच्या तपासणीसाठी, रक्त पाठवलं, ते वाढलेलं आलं. कावीळ दिवसाच्या उजेडात तपासायची, सावळ्या माणसाचा निळेपणा ओठांवर आणि जिभेवर शोधायचा, हे परीक्षेत सगळ्याच लिहितात. पण कालचा रंग डोळ्यात साठवून आजच्याशी ताडून बघणं तिच्या हाडात होतं.

तुमच्याकडे रंगाचा डोळा नसेल, पण माणसाच्या हालचालीचा असेल. तो नोट्समध्ये कसा उतरतो ते बघा. नाटकातून आलेल्या मुली सुरुवातीला "पेशंट उदास आहे" असं लिहितात. त्या शब्दाचा पुढच्या शिफ्टला काही उपयोग नाही. "दुपारचं जेवण अर्धं ठेवलं, विचारलं की एका शब्दात उत्तर, रात्री २ ते ५ जागे होते, बायको आली तेव्हा भिंतीकडे तोंड करून झोपले" असं लिहिलं तर ड्युटीवरचा डॉक्टर बेडपाशी जाऊन बसतो. तालमीत दिग्दर्शक तुम्हाला हेच सांगत असणार की दुःख दाखवू नकोस, हाताचं काय करतेस ते सांग. आमच्याकडे ते इंग्रजीत, वेळ घालून, सही करून लिहायचं असतं, आणि लिहिलं नाही ते केलंच नाही असं धरतात.

खरं सांगायचं तर तुमच्या माहितीत मला अभिनयापेक्षा बॅकस्टेजचा उल्लेख जास्त आवडला. प्रयोगाआधी प्रॉपर्टीचं टेबल लावताना तुम्ही जसं एकेक वस्तू हात लावून तपासता, तशीच दर शिफ्टला इमर्जन्सी ट्रॉली तपासायची असते. घशात बघायच्या लॅरिंगोस्कोपचा दिवा पेटतो का, हातानं श्वास द्यायच्या अॅम्बू बॅगला मास्क आहे का, सक्शन ओढतं का, अॅड्रिनलिनची मुदत कधी संपते. रोज सगळं जागेवरच असतं, म्हणून एक दिवस कुणीतरी न बघताच टिक करतं. नेमका त्याच दिवशी दिवा पेटत नाही. ज्यांनी बॅकस्टेज केलंय त्यांना ही भीती वेगळी शिकवावी लागत नाही.

ओव्हर देण्याचंही, म्हणजे पुढच्या शिफ्टच्या हाती वॉर्ड सोपवण्याचंही तसंच. सकाळी रात्रपाळीची सिस्टर आणि दिवसाची सिस्टर बेडपासून बेडपर्यंत चालत जातात: कुणाचं काय झालं, कोणतं औषध राहिलं, कुणाचा कॅथेटर बदलायचाय, कोण रात्रभर खोकत होतं. थकलेल्या माणसानं ताज्या माणसाला पाच मिनिटांत नेमकं सांगायचं, एक शब्द जास्त नाही. आणि ऐकू कमी येणाऱ्या आजींशी न ओरडता बोलता येणं! मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायला तुम्ही शिकला आहात. बहुतेक सिस्टरांना ते निवृत्तीपर्यंत जमत नाही.

इतकं कौतुक पुरे. आता टोचेल ते सांगते.

कलाकाराला स्वतःचा ठसा हवा असतो. वॉर्डात तो नको असतो. औषध देताना पेशंट, औषध, मात्रा, मार्ग आणि वेळ दर वेळी ताडून बघायची, काल बघितलं होतं तरी आज परत. माझी पद्धत, मला आतून वाटलं, आज वेगळं करून पाहू, हे इथे चालत नाही. जी मंडळी पहिल्या सहा महिन्यांत गेली ती रक्ताला किंवा वासाला घाबरून गेली नाहीत, त्याची सवय होते. त्यांना असह्य झालं ते हे, की काम उत्तम झालं तरी त्यावर आपलं नाव नसतं. पेशंट घरी जाताना डॉक्टरांच्या पाया पडतो आणि सिस्टरांच्या टेबलावर पेढ्यांचा बॉक्स ठेवतो. ज्यांना तो बॉक्स पुरतो त्या टिकतात.

दुसरं, मानपान. वर्गातल्या मुली अठरा वर्षांच्या असतील, तुम्हाला ताई म्हणतील आणि महिन्याभरात स्वतःच्या भानगडी सांगायला लागतील. ट्यूटर तुमच्यापेक्षा लहान असेल आणि चादरीचा कोपरा नीट दुमडला नाही म्हणून सगळ्यांसमोर बेड पुन्हा करायला लावेल. तुम्ही ज्या रेसिडेंट डॉक्टरला एरवी ओळखता तो वॉर्डात तुम्हाला नावानंही हाक मारणार नाही. हजेरी थिअरीला आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के लागते, आणि बुडालेली क्लिनिकल ड्युटी शेवटी पूर्ण भरून द्यावीच लागते. शूटिंगच्या तारखा आल्या म्हणून चार दिवस सुट्टी हा प्रकार विसरा. (आणि एक आधीच सांगून ठेवते: वर्गातले सगळे चार्ट, फ्लॅश कार्डं आणि कम्युनिटी पोस्टिंगमधलं पथनाट्य तुमच्याच गळ्यात पडणार आहे. पहिल्या वर्षी हौसेनं करा, दुसऱ्या वर्षी वाटून द्यायला शिका.)

शरीराचं बघा. उभं राहणं, वाकणं, बेशुद्ध माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून देणं, रात्रपाळी. सरकारी जनरल वॉर्डात रात्री चाळीस-पन्नास पेशंटना एक-दोन सिस्टर असणं नवीन नाही, आणि खासगीत बारा तासांची ड्युटी सर्रास असते. प्रवेश घ्यायच्या आधी हेपटायटिस बीची लस सुरू करा. डोस शून्य, एक आणि सहा महिन्यांनी, म्हणजे तो अर्धा वर्षाचा मामला आहे. पुढे कधी सुई टोचलीच तर वाहत्या पाण्याखाली धुवून लगेच इन्चार्जला सांगायचं. एचआयव्हीविरोधी औषध लागलं तर ते शक्यतो दोन तासांत, फार तर ७२ तासांत सुरू व्हावं लागतं. ओरडा बसेल म्हणून गप्प बसणारी मुलगी उगाच जोखीम घेते.

वडिलांचं पुढे काय झालं ते तुम्ही लिहिलेलं नाही, मीही विचारत नाही. पण बाहेर बसून तुम्हाला सिस्टरांची जी बाजू दिसली ती नातेवाइकांशी बोलतानाची होती. आत त्या वेळी कुणीतरी तोंड स्वच्छ करत होतं, लघवीची पिशवी मोजून रिकामी करत होतं, पडून पडून पाठीवर लाली आली का ते बघत होतं. दुसऱ्या वर्षी आयसीयूची पोस्टिंग लागेल तेव्हा तशाच बेडपाशी, तशाच मॉनिटरच्या आवाजात तुम्हाला हे करायचंय. घाव ताजा असेल तर वर्षभर थांबा. चार वर्षांचा अवधी आहे, त्यातलं एक गेलं तरी चालेल.

या वर्षात एक करून बघा. हॉस्पिटलं बाहेरच्या माणसाला सहसा वॉर्डात उभं करत नाहीत, पण वृद्धाश्रमांना आणि पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे गंभीर आजारात वेदना कमी करायचं काम करणाऱ्या, संस्थांना स्वयंसेवक हवे असतात. पुण्यात वारज्याला सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर आहे, मुंबईत वांद्र्याला १९८६ पासून शांती अवेदना सदन आहे. तुमच्या गावाजवळ साधा वृद्धाश्रम असेल तरी पुरे. तिथे गाणी म्हणायला किंवा नाटुकलं बसवायला जाऊ नका, ते तुम्हाला येतंच. अंथरुणाला खिळलेल्यांचं स्पंजिंग, भरवणं, डायपर बदलणं यात हात घालू द्या म्हणून सांगा. आठवड्यातून दोन सकाळी, तीन महिने. तिसऱ्या महिन्यातही काम संपवून घरी येताना भूक लागत असेल तर फॉर्म भरा. आणि तीन महिन्यांत लक्षात आलं की आपल्याला त्या माणसांबरोबर नाटकच करायचंय, तर तोही काही कमी दर्जाचा निष्कर्ष नाही. ड्रामा, नृत्य, चित्र यांच्या आधारानं उपचारात मदत करण्याचे पदविका अभ्यासक्रम मुंबई-पुण्यात आहेत, त्याला तीन वर्षं गणवेश घालायची गरज नाही.

पैशांचं थोडक्यात. तीन वर्षं कमाई जवळजवळ शून्य धरा. संध्याकाळचे नाट्यवर्ग पहिल्या वर्षी कसेबसे जमतील, पुढे नाही. खासगीत नवख्या जीएनएमला पंधरा ते पंचवीस हजारांच्या आसपास सुरुवात होते, छोट्या नर्सिंग होममध्ये त्याहूनही कमी. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या केंद्राच्या समितीनं पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही किमान २०,००० द्यावेत असं म्हटलं होतं. ती शिफारस कागदावर राहिली, पण पगाराच्या बोलणीत आकडा माहीत असलेला बरा. सरकारी अधिपरिचारिकेचं, म्हणजे स्टाफ नर्सचं, मूळ वेतन ३५,४०० पासून. राज्याच्या नोकरीला वयोमर्यादा खुल्या वर्गाला ३८, मागासवर्गीयांना ४३. म्हणजे चौतीस-पस्तिशीत जीएनएम झालात तर भरतीच्या एक-दोन फेऱ्या मिळतील. एम्सच्या नॉरसेट या नर्स भरती परीक्षेची ३० ची मर्यादा मात्र खुल्या वर्गासाठी तुम्ही ओलांडलीत, त्या क्लासवाल्यांना पैसे देऊ नका. मालिकेच्या मानधनासाठी तीन-तीन महिने थांबायची सवय असलेल्याला दर महिन्याला पगार होणं हीच केवढी चैन वाटते, असं मला तुमच्यासारख्याच एकीनं सांगितलं होतं.

घरच्यांना काय सांगायचं? त्यांना वाद घालून पटणार नाही. "सिस्टर होणार?" या प्रश्नात रात्रपाळीची काळजी आहे, परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा संकोच आहे आणि थोडी प्रतिष्ठेची गोष्ट आहे. पहिल्या दोन्हींवर बोला, तिसरीवर नको. होस्टेल कुठे, रात्री जायची-यायची सोय काय, हे विचारून ठेवा आणि आकड्यांसकट समोर ठेवा. प्रतिष्ठेचं आपोआप मिटतं. सोसायटीत कुणाचं बीपी वाढलं की पहिला फोन तुम्हालाच येतो, आणि तो येतोय हे घरचेच चारचौघांत सांगत फिरतात.

शेवटचं तुम्ही विचारलेलं नाही, पण ते मनात असणार: नाटक कायमचं सुटेल का? तीन वर्षं सुटेल, त्यात पळवाट नाही. त्यानंतर शिफ्टच्या नोकरीत दिवसाचे रिकामे तास दहा ते सहावाल्यांपेक्षा जास्त मिळतात. रात्रपाळीच्या आठवड्यानंतर लागून सुट्ट्या येतात, त्यात तालमी होतात. माझ्या ओळखीची एक सिस्टर राज्य नाट्य स्पर्धेत उतरते, जवळजवळ दर वर्षी. फक्त प्रयोगाची तारीख ठरली की त्याच दिवशी इन्चार्ज सिस्टरांना सांगायचं, पुढच्या महिन्याचं ड्युटी रोस्टर लागायच्या आधी. रोस्टर भिंतीवर चिकटल्यावर ऑफ मागितलात तर तो कुणा दुसरीच्या सुट्टीतून कापावा लागतो, आणि मग ती तुमच्या नाटकाला कशाला येईल?